नाकाचा सूर

थेंब खाली पडायच्या आत त्याने तळहात पुढे केला आणि तो हातावरच फुटला. टेबलावर एका नदीचा जुना नकाशा पालथा घातलेला होता. त्याच्या पाठीला कुणीतरी कधीकाळी कापड चिकटवलं होतं आणि त्या कापडाचा वाळका डिंक तो बोथट पात्याने, श्वास आवरत, खरवडत होता. दुसरा थेंब मनगटावर पडला. त्याने पातं बाजूला ठेवलं, नाक चिमटीत धरलं आणि बेसिनकडे गेला.

"पुन्हा?" खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून विभागप्रमुख बाईंनी भिंगावरची नजर न काढता विचारलं.

"थांबेल."

"थांबतं खरं. पण आज हात मध्ये आला, उद्या नाही आला तर? त्या नदीत इतकी वर्षं कुणी रक्त सांडलं नाही. तू पहिला ठरशील."

बाई फटकळ होत्या, पण उगाच बोलत नव्हत्या. दूर समुद्राकाठच्या एका शहरात ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं होतं. भिजलेले सगळे नकाशे तिथल्या लोकांनी शहाणपणाने गोठवून ठेवले होते. आता ते एकेक करून बाहेर काढायचे, वाळवायचे, फाटले असतील तिथे जोडायचे. काम दोनेक वर्षांचं होतं. त्यांनी बाईंकडे एक भरवशाचा माणूस मागितला होता आणि बाईंनी काहीही आढेवेढे न घेता याला पुढे केलं होतं. कागद जोडणाऱ्याच्या आयुष्यात असं काम एकदाच येतं, तेही आलं तर. ही बातमी कळल्यापासून तो जमिनीपासून दोन बोटं वर चालत होता.

"आधी नाक दाखवून ये," बाई म्हणाल्या. "ओल्या नकाशावर गळणारा माणूस मी पाठवणार नाही. मग भलेही तू कितीही गुणी अस."

त्याने नाक धरूनच मान डोलावली.

घरी पोचला तेव्हा आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. त्याने दार उघडलं, लावलं, पिशवी खुंटीला अडकवली. यातल्या कशाचाच आवाज झाला नाही. दाराच्या बिजागऱ्यांना तो स्वतः तेल घालायचा आणि कार्यशाळेतले रबरी तळव्यांचे बूट घरातही वापरायचा. धूळ उडू नये म्हणून हलकं चालायची सवय इतकी अंगात मुरली होती की रस्त्यावर लोक त्याला नकळत धडकायचे.

"आलास? आज चेहरा का उतरलाय?" मागे न बघता आईने विचारलं.

"तुला इकडे न बघता चेहरा कसा दिसतो?"

"पाठीला डोळे आहेत मला."

"आणि पुढचे?"

"त्यांना विश्रांती नको का कधी?"

हा त्यांचा ठरलेला खेळ होता. तो कुठेही उभा राहो, खिडकीशी, कपाटाआड, दाराच्या चौकटीत, आई नेमकी त्याच दिशेला तोंड करून बोलायला सुरुवात करायची. अलीकडे तर तिची ही विद्या फारच वाढली होती. त्याला गंमत वाटायची आणि थोडा अभिमानही. या वयात आई अशी ठणठणीत आहे, तिला एकटं सोडून जायला हरकत नाही, हे त्याने याच खेळावरून मनाशी पक्कं केलं होतं.

तसं म्हणायला, तिने अलीकडे वर्तमानपत्र वाचायचं सोडलं होतं. रोज त्याच त्याच बातम्या, तू वाचून दाखव, तुझ्या तोंडून तरी बऱ्या वाटतात, असं ती म्हणायची. गेल्या महिन्यात तिने त्याच्या निळ्या शर्टाचं बटण पांढऱ्या दोऱ्याने लावलं होतं आणि त्याने विचारल्यावर, हल्ली असंच चालतं, तुला काय कळतंय, असं ऐकवलं होतं. एखादा कप जागेवरून हलला की मात्र ती तापायची. वयाप्रमाणे माणूस जरा हट्टी होतंच, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

नाकाच्या डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या आणि कामाला झटपट. त्यांनी बारीक दुर्बीण त्याच्या उजव्या नाकपुडीत सरकवली आणि समोरच्या पडद्यावर त्याला त्याच्याच नाकाचं आतलं दाखवलं. ओलसर गुलाबी गुहेत, मधल्या भिंतीला बिलगून, डाळिंबाच्या दाण्यासारखं काहीतरी लालभडक चमकत बसलं होतं.

"हे काय?"

"हीच ती गळणारी. रक्तवाहिन्यांची गाठ आहे. घाबरू नका, साधी दिसतेय, वाईटातली नाही. बारीक बारीक वाहिन्यांनी एकत्र येऊन गुंता केलाय, एवढंच. पण मान खाली गेली, शिंक आली, की हिला निमित्त मिळतं."

"मग कापायचं?"

"बाहेरून टाचणीएवढंही नाही. ही दुर्बीण आणि तिच्याशेजारून एक बारीक नळी. नळीच्या टोकाशी मिठाचं पाणी असतं, त्यातून वीज सोडली की गाठ हळूहळू विरघळते आणि तिचं मूळ तिथल्या तिथे बंद होतं. जळत नाही, फारसं रक्तही जात नाही. पूर्वी मोठ्या गाठींसाठी चेहरा उघडायचे. आता ज्या वाटेने आत जायचं त्याच वाटेने परत यायचं. संध्याकाळी तुम्ही घरी." मग दुर्बीण बाहेर काढता काढता त्यांनी सहज विचारलं, "शिट्टी किती दिवसांपासून वाजतेय?"

"कसली शिट्टी?"

त्या नुसतं एक बोट वर करून थांबल्या. खोली शांत झाली. आणि मग त्याला ती ऐकू आली. खिडकीची फट राहिल्यावर वारा वाजतो तशी, बारीक, एकसुरी, त्याच्याच श्वासाबरोबर येणारी आणि जाणारी.

"ही माझी?"

"दुसरं कोण आहे इथे? उजवीकडे जागाच उरली नाहीये, हवा कशीबशी सरकतेय. गाठ गेली की तीही जाईल."

त्याला शरमल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण स्वतःला अगदी बिनआवाजी समजत होतो आणि सगळ्या जगात शिट्टी वाजवत हिंडत होतो! दुसऱ्या दिवशी त्याने कार्यशाळेत विभागप्रमुख बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल." त्याने घरी आईला विचारलं.

"माझं नाक वाजतं?"

आई कप पुसत होती. फडकं कपाच्या कडेवर क्षणभर थांबलं.

"कुणाचं वाजत नाही? तुझे बाबा तर आगगाडीचं इंजिन होते."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्यात सांगायचं काय?" कप तिने त्याच्या नेमक्या जागी ठेवला, बोटांनी कपाचा कान उजवीकडे वळवला. "कधी करायचं म्हणतात?"

"सोमवारी. पण मी विचार करत होतो, तू इथे एकटी..."

"मी काय कुकुलं बाळ आहे? जा. अशी कामं दारात चालून येत नाहीत. तू गेलास की मला जरा हातपाय पसरून राहता येईल."

सोमवारी ती त्याच्याबरोबर निघाली. रस्ताभर तिने त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. पेशंट तो, म्हणून आधार ती देत होती. फुटपाथची कड आली की तिची पकड किंचित आवळायची. त्याला वाटलं, आईला आपल्यापेक्षा जास्त भीती वाटतेय.

"एवढं काही नसतं गं त्यात," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे. तू नीट चाल."

आतल्या खोलीत त्याला हिरवा झगा घालून आडवं केलं. नाकात औषधात भिजवलेल्या कापसाच्या वाती बसवल्या आणि दंडात एक इंजेक्शन दिलं. झोप लागणार नाही, नुसतं तरंगल्यासारखं वाटेल, असं नर्सने सांगितलं होतं, आणि झालंही तसंच. छतावरच्या दिव्याच्या कडा मऊ पडल्या. पलंगाचं वजन गेलं. आई उशाशी बसली होती आणि तिचा हात त्याच्या हातावर होता. मग तो हातही वितळून त्याचाच होऊन गेला.

कुठूनतरी डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. आईचाही. दोघी पाण्याच्या पलीकडच्या काठावर उभ्या राहून बोलत असाव्यात.

"...त्याचा तो आवाज राहील का हो?"

"बोलण्याचा? तो उलट मोकळा होईल."

"बोलण्याचा नाही. नाकाचा. श्वासाबरोबर वाजतो तो."

"शिट्टी? नाही, ती जाणार. सुटलात म्हणा."

पाणी जरा वेळ नुसतं वाहत राहिलं.

"थोडीसुद्धा राहणार नाही?"

"ठेवायची म्हटलं तर गाठही ठेवावी लागेल, आजी." हसण्याचा आवाज आला.

"नको, नको. बरोबर आहे तुमचं. काढा."

किती विचित्र स्वप्न, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हसावंसं वाटलं. पण ओठ बधिर होते.

मग पलंग चालू लागला. तो पुढच्या दाराने एका नदीवर गेला. ही नदी त्याच्या ओळखीची होती, तिची सगळी वळणं त्याने बोटांखालून घातली होती. पण टेबलावर ती नेहमी वाळलेली असायची, आणि आज भरून वाहत होती. कुणीतरी म्हणालं, थोडंसं चुरचुरल्यासारखं ऐकू येईल, हलू नका. चुरचुरलं. जिभेच्या मागे मिठाची चव आली. म्हणजे समुद्र जवळ आला, त्याला वाटलं. पैलतीराला एक होडी होती आणि होडीतला माणूस बारीक शिट्टी घालत होता. होडी वळणाआड जाऊ लागली तशी शिट्टी लांब लांब गेली. त्याला हाक मारायची होती, पण हलू नका असं सांगितलेलं होतं. आज्ञाधारकपणे तो पडून राहिला. आवाज दोऱ्याएवढा झाला, मग केसाएवढा, आणि मग नदी एकदम गप्प झाली.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस तो उंच उशीवर बसल्या बसल्या झोपला. नाकात विरघळणारी पट्टी होती, त्यामुळे तोंडाने श्वास घ्यायचा आणि लोहाराच्या भात्यासारखा आवाज करायचा. शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, दिवसातून पुष्कळदा मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा. आई त्याच्या आसपास निवांत वावरत होती. "काय घोरतोयस जागेपणी!" म्हणायची, आणि बोलताना तिचा चेहरा बरोबर त्याच्या चेहऱ्यासमोर असायचा. त्याला औषधांची गुंगी होती, तिला काम होतं. दिवस सुखात गेले.

तपासणीला बोलावलं तेव्हा तो एकटाच गेला. डॉक्टरीणबाईंनी उरलीसुरली पट्टी आणि खपल्या बारीक नळीने ओढून काढल्या आणि म्हणाल्या, "आता तोंड मिटा."

त्याने तोंड मिटलं आणि छातीत थंड, रुंद हवा शिरली. कुणीतरी बंद खोलीच्या दोन्ही खिडक्या एकदम उघडल्या होत्या. गाठीचा जो तुकडा तपासायला पाठवला होता त्याचा अहवाल आल्याचंही त्यांनी सांगितलं. साधीच गाठ होती, मूळ बंद झालंय, पुन्हा वाकून काम करायला हरकत नाही.

परत येताना तो रस्ता त्याला नवा वाटला. ओल्या दगडाला वास होता, लोखंडी कठड्याला वास होता, बेकरीच्या दारातून येणारा तर त्याने उभं राहून घेतला. शेजारून जाणाऱ्या बाईच्या छत्रीलाही वास होता. तो तरंगत चालला होता आणि या खेपेला इंजेक्शन नव्हतं. वाटेत विभागप्रमुख बाईंचा फोन आला. तिकीट काढलंय, रविवारी निघायचं, आणि तिथे गेल्यावर माझी लाज राख, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात न लपणारा आनंद होता.

"आई, आलो!" दारातूनच तो ओरडला.

"अगं बाई, केवढ्याने! बहिरी झाले का मी?" आई ओट्याशी सूप ढवळत होती. "काय म्हणाल्या?"

तो टेबलाशी नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. तुकड्याचं, खिडक्यांचं, छत्रीचं, रविवारचं. आई ऐकत होती, मध्येच हं म्हणत होती. सांगून संपल्यावर त्याला राहवेना. तो उठला आणि बाहेरची हवा घ्यायला खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली झाडं ओली होती. त्याने तोंड मिटून खोल श्वास घेतला. श्वास आला आणि गेला, कसलाही माग न ठेवता.

आईने वाडगं भरलं, दोन्ही हातांत धरून वळली आणि टेबलाशी येऊन ते त्याच्या खुर्चीसमोर ठेवलं. मग पलीकडच्या खुर्चीवर बसली.

"तिकडे वारा फार असेल," ती म्हणाली. "तो राखाडी स्वेटर घेऊन जा. आणि रोज उठून फोन करत बसू नकोस. कामावर लक्ष दे. मला इथे काय कमी आहे?"

ती हे रिकाम्या खुर्चीला सांगत होती. बसल्यावर त्याचा चेहरा जिथे यायचा, बरोबर तेवढ्या उंचीवर बघून ती हसली.

खिडकीशी तो वळला आणि तसाच उभा राहिला. गंमत करतेय, असं त्याला आधी वाटलं. पाठीला डोळे असणारी बाई. त्याने हात वर केला. हळूच हलवला. आईने पाहिलं नाही. खिडकीतला उजेड सरळ तिच्या तोंडावर येत होता.

"पी ना. गार होईल."

ती थांबली. मान जराशी कलती करून ऐकत राहिली. खोलीत फक्त सुपाची वाफ होती.

"रुसलास का रे? मी आपलं गमतीने म्हटलं फोनचं. कर हवा तर."

तिचा हात टेबलावरून पुढे सरकला, वाडग्याला हलकासा लागला, त्याच्या बाजूने पलीकडे गेला, आणि जिथे त्याचा हात असायला हवा होता तिथे लाकडावर चाचपडत राहिला. मग तो हात तिने सावकाश मागे घेतला आणि मांडीवर दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"कुठे आहेस?" तिने विचारलं. हा आवाज त्याने पूर्वी कधीच ऐकला नव्हता. अगदी लहान आवाज होता तो.

ते स्वप्न नव्हतं तर. पाण्यापलीकडच्या त्या दोघी खऱ्या होत्या. थोडीसुद्धा राहणार नाही? तिने दोनदा विचारलं होतं, आणि मग म्हणाली होती, काढा. वर्तमानपत्र, पांढरा दोरा, जागचे न हलणारे कप, दंडावरची ती पकड. कागदातली केसाएवढी चीर शोधून काढणाऱ्या त्याच्या डोळ्यांना घरातलं हे एवढं मोठं दिसलं नव्हतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला आणि आईचाही आला. मग राग गेला आणि नुसती माया उरली.

तो मुद्दाम पाय घासत आला. खुर्ची आवाज करून ओढली आणि बसला.

"इथेच तर आहे. खिडकीशी होतो."

"हो, बघतेय ना मी," आई झटकन म्हणाली. तिचे खांदे खाली आले. "पाय ओढत काय चालतोस? म्हातारा झालास का?"

तो सूप पिऊ लागला. चव भरभरून लागत होती. आई त्याच्या चमच्याच्या आवाजाकडे तोंड करून बसली होती.

"मग, रविवारी निघायचं ना?" तिने विचारलं.

त्याने चमचा वाडग्यात ठेवला, जिभेचं टोक दातांमागे टेकवलं आणि श्वास सोडला. बारीक, एकसुरी आवाज आला. श्वास आत घेतला, पुन्हा तसाच आला.

आई एकदम स्तब्ध झाली.

"नाक पुन्हा वाजायला लागलं वाटतं," तो म्हणाला.

ती ऐकत होती, डोळे मिटून. मिटायचं काही कारण नव्हतं, पण तिने मिटले. मग तिने नकारार्थी मान हलवली आणि तिच्या ओठांवर हसू आलं.

"हा तो नव्हे," ती म्हणाली. "तुझा जरा खाली लागायचा."

त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली, ओठ ओले केले आणि थोडा खाली लावून पाहिला.